तेवीस आत, चोवीस बाहेर

ऋजुता सबनीसला नोकरी लागली ती पंजाबी येत होती म्हणून. हे ऐकून लंडनजवळच्या पिनरमधल्या मराठी बायका आधी खळखळून हसल्या आणि मग एकेक करून गप्प झाल्या, कारण नोकरी भांगड्याच्या क्लासातली नव्हती, सॉफ्टवेअरची होती. आणि तीही मिल्टन कीन्सला.

मिल्टन कीन्स म्हणजे रस्ते कमी आणि राउंडअबाउट्स जास्त असलेलं गाव. एक गृहस्थ तिथे तीन दिवस गोल फिरत राहिले आणि चौथ्या दिवशी स्वतःच्याच गाडीला मागून हॉर्न देऊन ‘अहो, सरका की पुढे’ म्हणाले, असं सांगतात. खोटं असेल. पण त्याच गावाच्या कडेला, शेवटच्या राउंडअबाउटच्या पलीकडे, एकही खिडकी नसलेली एक पांढरी इमारत आहे. तिच्याबद्दल जे सांगतात त्यातलं खोटं पाखडून काढायला बसलं, तर सुपात जवळजवळ सगळंच शिल्लक राहतं. तिथेच ऋजुताला नोकरी लागली.

ते शीतगोदाम होतं. आत उणे बावीस अंश. वाटाणे, मासे, आइस्क्रीम, पिझ्झे, निम्म्या इंग्लंडची रात्रीची जेवणं तिथे दगडासारखी थिजून पडलेली. एवढ्या कोरड्या थंडीत पुठ्ठ्याला आग लागली तर विझवायची कशी, म्हणून मालकांनी एक शक्कल काढली होती: आतल्या हवेतला प्राणवायूच कमी करून टाकायचा. आग लागणारच नाही. आता आगीला जे लागतं तेच माणसालाही लागतं, हा त्यातला एक बारीकसा घोळ. म्हणून सकाळी सहा ते दुपारी दोन माणसं आत असताना हवा चांगली ठेवायची. दोनला सगळे बाहेर आले की दार बंद, आणि मग हवा हळूहळू पातळ. सगळे बाहेर आले की नाही, हे प्रोग्रॅम मोजायचा.

आणि तो प्रोग्रॅम पंजाबीत होता.

म्हणजे लिपी इंग्रजी, पण भाषा पंजाबी. दाराचं नाव बूहा, माणसांचं बंदे, मोजणीचं गिणती. शिवाय ओळींच्या कडेला लिहिणाऱ्याने पुढे येणाऱ्यासाठी शेरे लिहून ठेवले होते, नवी सून यायच्या आधी सासूने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात तसे. कंपनीने एकदा हे सगळं मशीनकडून इंग्रजी करून घेतलं. मशीनने ते इतक्या सफाईने केलं की दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही, आणि पाच ट्रक भरून आलेले मासे पार्किंगमध्ये उन्हात पोहायच्या बेताला आले. तेव्हा घाबरून जुना प्रोग्रॅम परत बसवला आणि तो लिहिणाऱ्याला फोन केला. संतोख सिंग, राहणार स्लाऊ, वय चौऱ्याहत्तर.

“मी येणार नाही,” संतोख सिंग म्हणाले. “माणूस पाठवतो.”

त्यांनी पाठवलं ते ऋजुताला.

संतोख सिंगांनी आधी बस चालवली होती, मग संगणक. आता ते स्लाऊच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी पंजाबीतून कोडिंग शिकवत. वर्गात दोन टॅक्सीवाले, पोस्टातून रिटायर झालेल्या एक बीबीजी, तीन नवविवाहित मुली आणि एक मराठी बाई. ऋजुताचं माहेर नांदेडचं, गुरुद्वाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचं. शेजारच्या हरबन्सकौर मावशींच्या ओट्यावरच तिचं लहानपण गेलेलं, त्यामुळे पंजाबी तिला परकर-पोलक्याइतकी जुनी. इंग्रजीतून कोडिंग शिकायचे तिने तीन प्रयत्न केले होते, तिन्ही फसले. मराठीतून शिकवायला कुणी नव्हतं; कोडिंग येणारे सगळे मराठी लोक आधीच शिकून रीडिंग गावी नोकरीला जाऊन बसले होते, आणि त्यांना विचारलं की ते “सोपं आहे हो” म्हणून समोसा पुढे करत.

संतोख सिंग मात्र लंगरातून शिकवत. “लूप म्हणजे काय? पंगतीत माणूस आहे तोवर वाढत राहा.” पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, “पंगतीत चाळीस बसले. थाळ्या किती?”

“चाळीस, उस्तादजी.”

“एकेचाळीस. इक्क होर है.”

आणखी एक आहे. अख्खा वर्ग हसला, ऋजुता हसली नाही. हरबन्सकौर मावशीही रोज एक ताट जास्त मांडत. कुणासाठी, हे विचारायचं नसतं, एवढं तिला सातव्या वर्षीच कळलं होतं.

चौदा वर्षं ती ‘डॉक्टर सबनीसांची मिसेस’ होती. नवरा शशिकांत हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, आणि सवय अशी की घरी बोलायला लागला तरी समोरच्याचे डोळे मिटत. बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऋजुताच्या गळ्यात स्वतःच्या नावाचं कार्ड आलं. सहा महिने प्रोबेशन. ते कार्ड ती स्वयंपाक करतानाही काढत नसे; एकदा फोडणीचा शिंतोडा उडून फोटोतल्या कपाळावर टिकली लागली, तीही तिने पुसली नाही.

पावणेसहा महिने सगळं ठीक चाललं. मग अर्णव तिच्या टेबलाशी आला.

अर्णव तिचा मॅनेजर. वय एकतीस, आजी-आजोबा दोघंही डॉक्टर, पंचेचाळीस वर्षांपूर्वी पिनरला आलेले. आजीने त्याला शिकवलं होतं की आईच्या वयाच्या बाईला मावशी म्हणायचं. ऋजुता त्याच्या आईच्या वयाची नव्हती, पण मराठी बोलायची संधी त्याला सोडवत नसे.

“मावशी, त्या अकरा मिनिटांचं काय?”

“कुठली अकरा मिनिटं?”

“रोज दोनला सगळे लोक बाहेर येतात. Fine. पण दार लगेच बंद नाही होत. Eleven minutes उघडा राहतो. सगळा थंड हवा बाहेर. Every single day.” त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा बघ. ह्या लाइनमध्ये माणसं मोजून प्लस वन केलाय. It’s a classic, मावशी. फर्स्ट इयरचे पोरं करतो असा चूक.”

ऋजुताने ती ओळ आधीच पाहिली होती. शेजारचा शेराही पाहिला होता, आणि पाहून पुढे सरकली होती. शेरा असा: इक्क होर है. उडीक कर. एह लाइन ना कट्टीं, पुत्तर.

“काय लिहिलंय?” अर्णवने विचारलं.

“आणखी एक आहे. वाट बघ. ही ओळ कापू नकोस, बाळा.”

“So sweet,” अर्णव म्हणाला. “काप.”

“मूळ माणसाला विचारून…”

“मावशी, गुरुवारी नवे ओनर्स येणार. They want to see it shut at two. Clean. दोन म्हणजे दोन.” तो जरा घुटमळला, स्वभावाने वाईट नव्हता बिचारा. “आणि तुझा प्रोबेशन शुक्रवारी संपतो. मला लिहायला पाहिजे ना काहीतरी चांगला.”

तो गेला. जाताना मागून येणाऱ्या दोघांसाठी त्याने दार धरून ठेवलं, ‘आफ्टर यू’ म्हणाला. फार सभ्य मुलगा.

ऋजुताने आधी विचार केला, ओळ कापण्यापेक्षा अकराचे शून्य करू. थांबायची वेळ कुठेतरी लिहिलेली असणार. ती शून्य केली की अर्णव आणि उस्तादजी दोघंही खूश. तिने सबंध प्रोग्रॅममध्ये अकरा शोधलं. सापडलं नाही. सहाशे साठ सेकंद शोधलं. नाही. दुपारभर एकेक ओळ तोंडाने म्हणत गेली, उस्तादजींच्या वर्गातल्या शिस्तीप्रमाणे: आधी बोल, मग वाच.

अकरा कुठेच नव्हतं.

आत जाताना प्रत्येकाने कार्ड लावायचं. कार्ड लागलं की एक वाढला. बाहेर येताना कार्ड नको. दाराच्या चौकटीत डोळ्याला न दिसणारा एक किरण होता. तो ओलांडला की एक कमी. कमी होत होत शून्य आलं की दार बंद. आणि उस्तादजींच्या त्या ओळीमुळे तेवीस आत गेले की प्रोग्रॅम चोवीस धरायचा. तेवीस बाहेर आले की त्याच्या लेखी एकजण आत उरायचा. मग तो थांबायचा. किती वेळ, ते लिहिलेलंच नव्हतं. चोविसावा बाहेर पडेपर्यंत, बस.

ऋजुताने मान वर केली. ऑफिसात कुणीतरी चिप्स खात होतं, कुणीतरी हसत होतं, बाहेर जुलैचं लख्ख ऊन होतं.

म्हणजे ही ओळ खरी तर दार कधीच बंद होऊ द्यायची नाही. तेवीस आत गेले, तर चोवीस बाहेर येतील कसे?

तिने जुन्या नोंदी उघडल्या. कालची बघितली. एक वाजून अठ्ठावन्न मिनिटं: बाहेर, तेवीस पूर्ण. दोन वाजून नऊ मिनिटं: बाहेर, एक. दार बंद. परवाची बघितली. गेल्या वर्षीची, दहा वर्षांपूर्वीची. माणसं कधी तेवीस, कधी एकोणीस, कधी तिसावर. शेवटचा माणूस बाहेर आला की बरोबर अकरा मिनिटांनी किरण आणखी एकदा तुटलेला. नाताळात गोदाम बंद असताना तेवढा नाही. बँक हॉलिडेला नाही. मासे पार्किंगमध्ये अडकले त्या दिवशी नाही. कामाच्या प्रत्येक दिवशी, बावीस वर्षं, एकदाही खाडा नाही.

संध्याकाळी तिने शशिकांतला विचारलं, “हवेतला प्राणवायू कमी झाला तर माणसाला काय होतं हो?”

“किती कमी?” भाजीत भाकरी बुडवत तो म्हणाला. “आधी डोकं दुखतं. मग माणसाला उगीचच बरं वाटायला लागतं, घाई नाही कसली असं. मग तो जरा बसतो.” घास गिळला. “बसला की संपलं. छान झालीय भाजी.”

तिने गाडीत बसून फोन लावला.

“सत श्री अकाल, उस्तादजी. ती ओळ त्यांना कापायचीय.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग संतोख सिंग म्हणाले, “मला वाटलंच होतं, कधीतरी कुणीतरी ती मिनिटं मोजेल.”

“उस्तादजी, तुम्ही मला का पाठवलंत तिथे?”

“शेरा वाचणारं कुणी हवं होतं. वाचून घाबरणारं हवं होतं.” ते खाकरले. “ऐक. पहिल्या वर्षी माझी मोजणी चोख होती. जेवढे आत तेवढे बाहेर. साहेब खूश. बलकार नावाचा एक पॅकर होता, माझ्याहून मोठा. एक पाय अधू, ओढत चालायचा. एका सकाळी त्याच्या पुढच्याने कार्ड लावलं, दार धरलं, आओ जी म्हणाला. बलकार त्याच्या मागून आत गेला. एक कार्ड, माणसं दोन. दार धरणं आपल्याकडे अदब, गोऱ्यांकडेही अदब. मशीनला काय माहीत?”

ऋजुताने स्टिअरिंग घट्ट धरलं.

“दोनला सगळे बाहेर आले. हा आपला खोक्यांच्या मागच्या गल्लीतून पाय ओढत येतोय. माझी मोजणी शून्यावर आली. दार बंद.”

“आणि?”

“आणि काय? कागदावर बलकार त्या दिवशी आत गेलाच नव्हता. जो आत गेला नाही त्याला बाहेर कोण काढणार? सकाळी दार उघडलं तर आत कुणी नाही. शोधलं म्हणे. कंपनीने लिहिलं, न सांगता काम सोडून गेला. घरी गेला नाही. गावी गेला नाही.”

“मग तुम्ही ती ओळ…”

“दार बंदच होऊ नये म्हणून लिहिली, पुत्तर! म्हटलं, एक जास्त धरतो, मोजणी जुळणार नाही, दार उघडं राहील, वैतागून तरी कुणी नीट शोधायला आत जाईल. मी बाहेर घड्याळ लावून उभा होतो. अकरा मिनिटांनी दार बंद झालं.” संतोख सिंगांचा आवाज अगदी बारीक झाला. “मागच्या गल्लीपासून दारापर्यंत मला पाच मिनिटं लागायची. बलकारला अकरा. त्या दिवसानंतर मी तिकडे पाऊल टाकलं नाही.”

“पण उस्तादजी, रोज बाहेर जातात, तर रोज परत आत कसे असतात?”

“कामावर येतो, पुत्तर. त्याला कामावरून काढलंय कुणी?”

अशा गोष्टी फोन कानाला असेपर्यंत खऱ्या वाटतात. फोन ठेवला की प्रोबेशन खरं वाटतं. ऋजुता दोन दिवस स्वतःची समजूत घालत राहिली: चौकटीवरचं बर्फ वितळून थेंब पडत असेल. म्हातारा माणूस, अपराधी मन, रचलं असेल काहीतरी. अर्णवचंही मत थेंबाचंच होतं. “Condensation,” तो म्हणाला, आणि ह्या एका शब्दाने त्याला गाढ झोप लागत असावी. ऋजुताला लागली नाही. बुधवारी दुपारी चार वाजता तिने ती ओळ कापली. शेरा कापायला हात धजला नाही. तो तसाच राहिला, ज्या ओळीबद्दल होता ती मात्र शेजारी नाही.

गुरुवारी पाच पाहुणे आले. त्यांच्या म्होरक्या हॅलमबाई, उंच, करड्या केसांच्या, हातात घड्याळ नव्हे तर थेट स्टॉपवॉच. अर्णवने त्यांना तात्पुरती कार्डं देऊन सकाळभर गोदाम दाखवलं आणि प्रत्येक दाराशी अदबीने बाजूला होत सगळ्यांना पुढे घातलं. पावणेदोनला सगळे बाहेर अंगणात येऊन उभे राहिले. वर निळं आभाळ, पायाखाली तापलेलं डांबर, समोर पांढऱ्या भिंतीत ते दार, एका गाडीएवढं रुंद. दाराच्या डोक्यावर मोठा आकडा लावला होता, पाहुण्यांसाठी खास: २३.

दोन वाजायला आले तशी माणसं बाहेर यायला लागली, जाड कोट, लाल नाकं, उन्हात येताच टोप्या काढणारी. बावीस. अठरा. अकरा. ऋजुता बाजूच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. चार. एक.

शून्य.

दार सरसर सरकलं आणि धप्पकन बसलं. हॅलमबाईंनी स्टॉपवॉच दाबलं. “दोन सेकंद,” त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्णवने ऋजुताकडे पाहून अंगठा वर केला, आणि तिला लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा ते ऐकू आलं. ठक्. थोडं थांबून, ठक्. ठक्.

“मेटल आहे,” अर्णव पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाला. “थंडीने आकसतं.”

ठक्. ठक्. ठक्.

“अर्णव, आत कुणीतरी आहे,” ऋजुता उठून उभी राहिली.

“मावशी, झीरो आहे.” त्याने वर बोट दाखवलं. “बघ ना. झीरो.”

सगळ्यांनी आकड्याकडे पाहिलं. आकडा खरोखरच शून्य होता. तेवीस कामगार तिथे उन्हात उभे होते, एकेकाने एकेकाला पाहिलं आणि खांदे उडवले. हॅलमबाईंनीही वर पाहिलं आणि मान डोलावली. एवढी तीसेक माणसं, सगळ्यांना कान होते, आणि एकूण एक जण डोळ्यांवर विश्वास ठेवून उभा होता. आतून उघडायची एक लाल मूठ होती, अलीकडेच बसवलेली. पण ती कुणाला दाखवायची तर हा माणूस आत गेलाय हे आधी कुणाला तरी माहीत हवं. हवा पातळ व्हायला लागून दोन मिनिटं झाली होती.

दार उघडायचा हुकूम अर्णवच्या हातात होता. “आता उघडलं ना,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “तर सगळा डेमो गेला. आणि उद्या मी काय लिहू?”

ऋजुता चालत दारापाशी गेली, गळ्यातलं कार्ड पुढे केलं, आणि आत न जाताच ते आत जायच्या खाचेवर टेकवलं.

आकडा एक झाला. मशीनच्या लेखी ऋजुता सबनीस आत होती. आणि माणूस आत असताना दार बंद ठेवायची मशीनला मुभा नव्हती. दार सरसर उघडलं.

आतून एक बाई बाहेर कोसळली. तिशीची, ओठ निळे, एजन्सीचं जॅकेट. मायरा नाव, त्याच दिवशी पहिल्यांदा आलेली, अजून कार्डही मिळालेलं नाही. दोघांनी तिला धरून उन्हात बसवलं.

“तू आत कशी गेलीस?” अर्णवने विचारलं.

मायराने मान वर करून त्याला ओळखलं. “तुम्हीच दार धरलंत की. आफ्टर यू म्हणालात.”

अर्णवचा चेहरा मायराच्या ओठांच्या रंगाला गेला.

ती बाहेर आली तेव्हाच आकडा पुन्हा शून्य झाला होता, आणि दार परत सरकायला लागलं. ऋजुताने पायाशी पडलेला एक प्लास्टिकचा क्रेट उचलला आणि रुळात घातला. दार क्रेटला धडकून कुरकुरलं, थांबलं.

“मावशी, आली ना बाहेर ती. आता बंद होऊ दे.”

“माझ्या मागे एक काका येतायत,” मायरा दात वाजवत म्हणाली. “त्यांनीच मला रस्ता दाखवला. म्हणाले, तू पुढे हो, दार ठोक, मी आलोच. त्यांना भरभर चालता येत नाही.”

कामगारांतल्या जुन्या दोघातिघांनी आपापल्या टोप्या पुन्हा डोक्यावर घातल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दारातून आत दिसत होतं ते सगळ्यांना दिसत होतं: पांढरी लांब गल्ली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. कुणी नव्हतं.

“देअर इज नोबडी,” हॅलमबाई म्हणाल्या. “प्लीज क्लोज द डोअर.”

“नाही,” ऋजुता म्हणाली. मराठीत म्हणाली, पण हॅलमबाईंना समजलं.

“मावशी, please. मी वॉर्निंग लिहीन. मला लिहावं लागणार.”

“लिही. इथेच उभी राहून सही करते. दार मात्र उघडं राहील.”

पाच मिनिटं झाली. सहा. आतली थंडी डांबरावरून सरपटत आली आणि तिच्या पायांपुढे पांढरा पट्टा उमटला. सातव्या मिनिटाला पाहुण्यांपैकी एकाने मोबाइल काढला आणि परत ठेवून दिला. आठव्या मिनिटाला अर्णव तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. तो भांडायला आला असं तिला वाटलं, पण त्याने वाकून क्रेट पक्का बसवला. दहाव्या मिनिटाला त्या गल्लीतून एक आवाज यायला लागला, अगदी लहान: एक पाऊल, मग काहीतरी ओढल्यासारखं. एक पाऊल, मग ओढल्यासारखं.

ऋजुता बाजूला सरली. वाट दिली. हात आपोआप जोडले गेले.

थंड हवेचा एक झोत दारातून बाहेर आला. फार मोठा नाही, शेजारून माणूस जावा एवढाच. वरचा आकडा टक् करून बदलला.

उणे एक.

हॅलमबाईंचं स्टॉपवॉच अकरा मिनिटांवर थांबलं होतं. ते त्यांनी दाबलं नव्हतं. “व्हॉट डझ मायनस वन मीन?” त्यांनी विचारलं. आणि बाई शहाण्या माणसाने करावं तेच करू लागल्या: बोट दाखवून अंगणातली माणसं मोजू लागल्या. कामगार, मायरा, अर्णव, ऋजुता, आपले पाच. बेरीज केली, ओठ चावला, परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचं पाहून अर्णवनेही मोजलं. मग एका जुन्या कामगाराने. प्रत्येकाचं एक जास्तच येत होतं, आणि मोजणारं प्रत्येक बोट एका ठिकाणी आलं की अडखळत होतं, गर्दीच्या मागच्या कडेला, गेटाच्या बाजूला. तिकडे मान वळवून बघायला मात्र कुणी तयार नव्हतं.

“मावशी,” अर्णव म्हणाला. त्याच्या आवाजातलं इंग्रजी पार गळून गेलं होतं. “ती लाइन परत टाक. आत्ता. मी सही करतो, हॅलमबाई सही करतील, कोण पाहिजे तो सही करेल. टाक परत.”

“टाकते,” ऋजुता म्हणाली. “आधी सगळ्यांना सांग, जागचे हलू नका. अजून गेटापर्यंत पोचले नाहीत ते.”